उलट बोलणारा जावई

टाकीत उतरलेला माणूस भांडतोय तोवर त्याला काही धाड भरलेली नाही, असा टकळीबाईंचा पक्का हिशेब होता. विषारी वायू डोक्यात शिरला की भलाभला गडी गरीब गाय होतो, म्हणाल त्याला मान डोलावतो. म्हणून तेलाच्या कारखान्यात टाकीच्या तोंडाशी पहाऱ्याला बसल्या, की त्या आतल्याशी मुद्दाम वाकडं बोलत. आतल्यानं उलट उत्तर द्यायचं. नाही दिलं, की कप्पीचं हँडल फिरवून त्याला सरळ वर काढायचं. लोक वैतागायचे, पण आजवर एकालाही काही झालं नव्हतं.

आज आत उतरणार होता त्यांचा सख्खा जावई. नवीनच लागलेला. पोरगा सोन्यासारखा, पण मेला इतका मऊ! सासूपुढं "हो आई"च्या पलीकडं शब्द नाही. त्यात लेकीला सातवा महिना.

"जावईबापू, माझा मान घरी ठेवा. इथं मला उलट बोलायचं. कळलं?"

"हो आई."

"झालं! कपाळ माझं!"

मुकादमानं दोरीला वायू मोजायचं मीटर बांधून वर, मध्ये, तळाशी हवा तपासली. हवा चांगली निघाली. मग पंख्याची नळी आत सोडली, जावयाला कप्पीच्या दोरीचा पट्टा चढवला आणि मीटर त्याच्या हातात दिलं. वायू वाढला की ते बोंबलणार होतं. जावई शिडीवरून खाली गेला आणि गाळ खरवडू लागला.

"तुमची आई म्हणे फार कमी बोलते!" बाईंनी सुरुवात केली.

खालून चाचरत उत्तर आलं, "तसं नाही हो आई... बोलते बऱ्यापैकी."

"शाब्बास! आणि लेक म्हणते, तुम्ही ढाराढूर घोरता!"

"साफ खोटं! तीच घोरते!"

मुकादम खो खो हसला. बाईंचाही जीव जरा भांड्यात पडला. तेवढ्यात खाली गाळाचा मोठा थर फदकन सुटल्याचा आवाज आला. गाळाखाली वायू कोंडलेला असतो, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी लगेच विचारलं, "पण माझी पोर स्वभावानं शांत हो! कधी चिडत नाही, खरं ना?"

"हो आई," खालून आलं. "फार शांत."

लेकीच्या रागाला घरचं मांजरसुद्धा टरकून असे. आता हा मान ठेवतोय, की वायू चढलाय? विचार करत बसायची वेळ नव्हती. बाईंनी हँडल धरलं.

"मी आत उतरून धरतो त्याला!" मुकादम शिडीकडं धावला.

"खबरदार! एकाचे दोन करायचेत? इकडं या, हँडल फिरवा!"

दोघांनी जीव खाऊन हँडल फिरवलं. जावई वर आला तो खुळ्यासारखा हसत, पाय लटपटत. मोकळ्या हवेत नेल्यावर भडाभडा ओकला, मग हळूहळू तोंडावर रंग आला. मीटर मात्र गप्पच होतं. बाईंनी बघितलं, तर ते पट्ट्याला प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेलं.

"नवीकोरी वस्तू, आई," जावई पुटपुटला. "गाळानं खराब झाली असती."

बाईंनी पिशवी फाडली आणि मीटर दोरीनं पुन्हा टाकीत सोडलं. ते असं किंचाळलं की मुकादम खाली बसला. बाईंना रडूच फुटलं. रडून झाल्यावर त्यांनी जावयाची अशी काही खरडपट्टी काढली की विचारू नका. मग त्याला दवाखान्यात दाखवून, डॉक्टर सोडा म्हणाले तेव्हा घरी आणला.

संध्याकाळी जेवताना जावयानं एक घास घेतला आणि थांबला.

"आई, रागावू नका, पण भाजी खारट झालीय."

लेकीनं आ वासला. बाई कडाडल्या, "कुठं खारट आहे? जीभ तपासून घ्या!"

"माझी जीभ ठीक आहे! मीठ दोनदा पडलंय!"

"दोनदा? डोळ्यांनी बघितलंत?"

"आई, अगं भांडू नकोस त्यांच्याशी!" लेक घाबरून म्हणाली.

"भांडू दे गं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "भांडताहेत तोवर माझ्या जिवाला घोर नाही."