स्क्रूवरचा पिवळा ठिपका

गाडी चालू होती आणि माझा मुलगा हात पुसत होता. हात पुसायची त्याला फार घाई. नर्सबाईंची ती जुनी पेट्रोल-इंजेक्शनवाली गाडी पळताना गुणी, पण उभी राहिली की तापात असल्यासारखी थरथरायची, सिग्नलला बंद पडायची. प्लग बदलून झाले, इंजेक्टर धुऊन झाले, तरी रडगाणं तेच. आज मात्र थरथर नव्हती.

“बघ आई, लोण्यासारखी चालतेय.”

“लोणी असं ओरडत नाही,” मी म्हटलं. उभ्या गाडीचं इंजिन चढावर असल्यासारखं घुमत होतं.

भिंतीला नवी पाटी टेकवलेली होती. वर मुलाचं नाव, खाली आमच्या ह्यांचं. पेंटर उद्या ती लावणार होता आणि गॅरेजच्या किल्ल्या मी मुलाच्या हातात देणार होते. पाटी तर त्यानं आधीच करून आणली होती.

मी चष्मा लावून बॉनेटमध्ये वाकले. इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेला एक बारका स्क्रू असतो. तो कारखान्यात एकदा नेमून दिला, की वर पिवळ्या रंगाचा ठिपका देतात. ठिपका फुटलेला दिसला, की समजायचं, कुणीतरी स्क्रू फिरवून रेस वाढवलीय. थरथर झाकली जाते, दुखणं आतच राहतं. ह्यांनी असल्या कामापायी एका कारागिराला अर्ध्या चहावरून उठवून घालवलं होतं. चहा माझ्या हातचा होता, म्हणून ध्यानात आहे.

ठिपका फुटला होता.

“स्क्रू मागे घे.”

“आई, स्कॅनर काही बिघाड दाखवत नाही. आणि बाई आत्ता न्यायला येतील.”

“येऊ देत. बसायला खुर्ची आहे.”

तोंड फुगवून त्यानं स्क्रू मागे घेतला. गाडी पुन्हा थडथडायला लागली. मी घरातून इस्त्रीची पाण्याची बाटली आणली.

“आता इंजिनाला इस्त्री करतेस?”

“तुझी झाली की त्याची.”

एकेका नळीवर मी पाणी फवारत गेले. जिथून चोरटी हवा आत शिरते तिथे पाण्यानं भोक घडीभर बुजतं आणि इंजिन शांत होतं. बारक्या नळ्या धडधाकट निघाल्या. मागच्या जाड रबरी नळीच्या वाकणाखाली फवारलं, आणि थरथर थांबली. पुन्हा सुरू झाली. पुन्हा फवारलं, पुन्हा थांबली. गाडी बंद करून नळी वाकवली, तर चीर तोंडासारखी उघडली.

ती नळी ब्रेकला जोर देणारी होती. हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. त्याचा चेहराच उतरला.

“गाडी चालू कर आणि ब्रेकवर पाय दे.”

त्यानं दिला. “कडक आहे,” पुटपुटला.

“मोठ्यानं.”

“कडक आहे, आई.”

कडक ब्रेक आणि वर वाढवलेली रेस. अशी गाडी तो एका बाईला देऊन गर्दीत पाठवणार होता, आणि मला लोणी दाखवत होता.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. “झाली का हो मावशी?”

“नाही झाली. का नाही, ते हा सांगेल. स्क्रूपासून.”

त्यानं सांगितलं, जमिनीकडे बघत. बाई मांडीवर पर्स धरून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “पण ब्रेक जोरानं दाबावा लागतो, हे मी मागच्याच वेळी सांगितलं होतं तुम्हाला.”

मी त्याच्याकडे पाहिलं. मला त्यानं हे सांगितलंच नव्हतं.

“मला वाटलं, बायकांना ब्रेक कडकच वाटतो,” तो म्हणाला.

दोन बायकांसमोर म्हणाला. मी फळीवरची नवी नळी काढून त्याच्या हातात दिली. तोंड उघडलं असतं तर गल्ली गोळा झाली असती.

ती मी त्याच्याकडूनच बसवून घेतली. ब्रेक बाईंनी स्वतः दाबून बघितला, दोनदा, आणि मगच गाडी बाहेर काढली.

सकाळी पेंटर शिडी घेऊन आला. “कुठे लावायची पाटी, मावशी?”

किल्ल्या माझ्या कमरेलाच होत्या. मुलगा आत चाक खोलत होता. त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हटलं, “आधी वरचं नाव पुसा. खालचं राहू द्या.”