घडीला दोघं लागतात

मित्रांनो, हल्ली तुम्ही बहुतेक जण खुर्चीवर बसता, म्हणून आधी माझी ओळख सांगते. मी सतरंजी. अंगावर तांबडे-निळे पट्टे, एका कडेला समईच्या तेलाचा डाग, आणि लांबी एवढी की दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी पुरती उलगडत नाही.

माझा जन्म महाराष्ट्रातल्या एका तुरुंगात झाला. त्यात लाजण्यासारखं काही नाही. जेलची सतरंजी टिकते म्हणून लोक मुद्दाम मागून नेत. मी रुंद, म्हणून मागावर दोन कैदी शेजारी-शेजारी बसत. एकाने आडवा धागा अर्ध्यापर्यंत न्यायचा, दुसऱ्याने त्याच्या हातून घेऊन पुढे न्यायचा आणि मग दोघांनी लोखंडी पंजाने तो ठोकून बसवायचा. त्यातला विष्णू नावाचा कैदी बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाचं डोकं फोडून आत आला होता. शेजाऱ्याशी तो कामापुरतंच बोले. "धर." "सोड." पण मी विणून होईपर्यंत ते दोघे एकमेकांच्या गावच्या पाऊसपाण्याची चौकशी करू लागले होते.

पुढे दिल्लीतल्या एका मराठी मंडळाने मला मागवलं. लक्ष्मीबाई नगरात दर गणपतीत चंद्रप्रभाबाईंचं कीर्तन होई आणि त्यासाठी मला अंथरत. बाईंचा पदर खोचलेला, हातात चिपळ्या, आणि आवाज असा की रडणारं मूलही ऐकत राही. एकदा त्या हसून म्हणाल्या होत्या, "या सतरंजीवर कारकून आणि त्याचा साहेब एकाच पट्ट्यावर मांडी घालतात, हे काय थोडं झालं?" ते ऐकून मी फुगले होते, खोटं कशाला बोलू!

समईजवळ सुमित्राआजी बसत. वात सारता-सारता त्यांचा धक्का लागला आणि मला हा डाग पडला.

कीर्तन संपलं की माझी घडी घालायला दोघेच पुढे होत. एक भाऊसाहेब, मंडळाचा खांब. दुसरा जयंत, सुमित्राआजींचा मुलगा. तो नोकरीला नवा लागला, तेव्हा भाऊसाहेबांनीच त्याला दिल्ली दाखवली होती. मित्रांनो, एवढी लांब सतरंजी एकट्याला आवरत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची आणि एकमेकांकडे चालत यायचं. ते दोघे गप्पा मारत-मारत चालत येत.

हा झाला माझा पूर्वरंग.

मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी गरज संपली. जुनी क्वार्टर्स पाडायची ठरली, तशी माणसं आर. के. पुरमला गेली. मी भाऊसाहेबांच्या घरी माळ्यावर जाऊन पडले. तिथे उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला, कोणाला पत्ता नाही.

भांडण मी तिथूनच ऐकलं. कीर्तनाला खुर्च्या दूरवर पसरल्या म्हणून पार्कात मोठे स्पीकर लावले होते. समोरच पहिल्या मजल्यावर सुमित्राआजी तापाने फणफणलेल्या. जयंतरावांनी आवाज कमी करा म्हणून निरोप धाडला. कमी झाला नाही. शेवटी ते स्वतः उतरले आणि आख्यान ऐन रंगात असताना त्यांनी वायर ओढली.

भाऊसाहेब सर्वांसमोर गरजले, "कीर्तनाची वायर ओढणाऱ्याला या मंडळात जागा नाही!"

"आणि आजारी माणसाला आहे का?" जयंतराव म्हणाले आणि जिना चढून गेले.

पुढच्या वर्षी एकाच पार्कात दोन गणपती बसले. आरतीला दोन्हीकडचे स्पीकर एकमेकांवर ओरडत. देवाला काय ऐकू गेलं असेल, तोच जाणे.

यंदा चंद्रप्रभाबाईंनी कळवलं, "आता वय झालं. एकदाच येईन. कुठे यायचं ते तुम्ही ठरवा." ठरेना. कीर्तन कायमचं बंद पडायची वेळ आली.

एका सकाळी माळ्याचं दार उघडलं. भाऊसाहेबांची नात केतकी आणि जयंतरावांचा मानस, दोघे एकाच कॉलेजातले. त्यांनी मला गच्चीवर उन्हात टाकलं आणि काठीने बडवायला लागले.

"यार केतकी, आपण मेट्रो स्टेशनबाहेर विश्वशांतीसाठी सह्या गोळा करतोय," मानस शिंकत म्हणाला, "आणि जिन्यात तुझे आजोबा दिसले की माझे बाबा मोबाइल बघतात. बंद असला तरी!"

"आजोबा तर चपलेचा बंद लावत बसतात. चपलेला बंदच नाहीये."

दोघे खूप हसले.

"माइकच नको," केतकी म्हणाली. "लोक जवळ बसले तर बाईंचा आवाज पुरेल. खुर्च्यांवर जवळ बसता येत नाही. म्हणून ही."

भाऊसाहेब संध्याकाळी म्हणाले, "माइकशिवाय कीर्तन? लोक हसतील."

"हसू देत, आजोबा. हसायला तरी एकत्र येतील."

जयंतराव मुलाला म्हणाले, "आधी त्यांनी माफी मागावी." मानसने वाद घातला नाही. त्याने आजीला फक्त सांगितलं की कीर्तन जुन्या सतरंजीवर होणार आहे. "माझ्या डागाची?" आजींनी विचारलं, आणि जयंतरावांना खिडकीशी त्यांची खाट सरकवावी लागली.

कीर्तनाच्या दिवशी मला पार्कात अंथरलं. मुलं बाईंना विश्वशांतीवर बोला म्हणाली होती. बाई म्हणाल्या, "बाळांनो, जग फार मोठं. माझा आवाज आता त्या खिडकीपर्यंत पोचतो. तेवढं जग मी सांभाळते." आणि चिपळ्या वाजल्या. गुडघ्याला गुडघा लावून माणसं माझ्यावर बसली. जयंतराव अगदी कडेला, अर्धे माझ्यावर, अर्धे गवतावर.

आरती झाली, लोक प्रसादाकडे वळले. भाऊसाहेबांनी सवयीने माझं टोक उचललं. केतकी आणि मानस मुद्दाम प्रसाद वाटत राहिले. भाऊसाहेब एकटेच ओढू लागले. मी गवतावरून फरफटले. तेव्हा दुसरं टोक उचललं गेलं.

"तिकडे सुरकुती आहे. ओढा," भाऊसाहेब वर न बघता म्हणाले.

"ओढतोय."

झटकलं. दोघे चालत आले. टोकाला टोक लागलं, पण भाऊसाहेबांनी हात सोडला नाही.

"आई कशा आहेत, जयंत?" ते म्हणाले. "हे मी त्या दिवशीच विचारायला हवं होतं."

जयंतरावांनी वर खिडकीकडे पाहिलं. "बऱ्या आहेत. आख्यान ऐकता-ऐकता झोप लागली होती त्यांना, आरतीला जाग्या झाल्या."

"कीर्तनात झोप? मग पुण्य अर्धंच!"

"अर्धं तुमचं, भाऊसाहेब. वर चला, त्या वाट बघताहेत."

आता मी माळ्यावर नसते. समोरच्या सरदारजींच्या घरी पाठाला जाते, केरळच्या कुटुंबाच्या प्रार्थनेला जाते, रविवारी मुलांच्या अभ्यासाला असते. केतकी-मानसची अट एवढीच: स्पीकर नको, आणि घडी घालणारे दोघे दोन वेगळ्या घरचे हवेत. त्या सह्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझी एखादी बहीण असेल. तिला ऊन दाखवा, कडुलिंबाचा पाला घाला, ओली गुंडाळू नका. आणि घडी घालायची वेळ आली की एकट्याने फरफटवू नका. ज्याच्याशी बोलणं थांबलंय, त्यालाच म्हणा, "जरा ते टोक धर." पुढचं चालणं आम्ही करवून घेतो.