सवाष्णींची तपासणी

नीलम्मानं महांतप्पाच्या बायकोच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि त्याच हातानं माजघराच्या दाराकडं खूण केली.

"आत जा. बाई बसल्यात. लाजू नको, दुसरं कुणी न्हाय आत."

"दुखतंय का वं?"

"अंग सैल सोडलं तर न्हाय दुखत."

माजघरात सोलापूरच्या डॉक्टरीणबाई होत्या आणि चुलीवरच्या पातेल्यात त्यांची हत्यारं उकळत होती. नीलम्माच्या नवऱ्याला, बसवराजला, सकाळी ते पातेलं दिसलं होतं. एवढा चहा कुणाला, असं त्यानं विचारलं, तेव्हा नीलम्मानं त्याला शेतावर पिटाळलं. हळदीकुंकवाच्या दिवशी घरात पुरुषाचं काम नसतं, हे जळकोटात सगळ्यांना मान्य होतं. म्हणून तर तिनं हा बेत केला होता.

आधी सरळ वाटेनं जाऊन पाहिलं होतं. नीलम्माची मावसबहीण सोलापूरला नर्स होती. तिच्या शब्दाखातर बाई एक दिवस यायला कबूल झाल्या. गर्भाशयाच्या तोंडाला कॅन्सर होतो, सुरुवातीला दुखत नाही, पण तपासलं तर सापडतो आणि वेळेत सापडला तर बरा करता येतो, एवढं गावातल्या बायकांना कळवायचं होतं. नीलम्मा दवंडीसाठी सरपंच सिद्रामप्पांकडं गेली. नवं मराठी राज्य झालं होतं, नवी ग्रामपंचायत होती, पण सरपंचांची मान खाली गेली ती वर आलीच नाही. "असलं काही चौकात बोलत न्हाईत," एवढंच ते म्हणाले. बिचाऱ्या दवंडीवाल्यानं तरी ते शब्द हलगी वाजवत कसे उच्चारले असते? मग संक्रांत आली आणि नीलम्माला युक्ती सुचली.

खरं म्हणजे हा सगळा घाट एकीसाठी होता. सासू मल्लम्माची पाळी जाऊन कैक वर्षं झाली होती आणि दिवाळीपासून तिच्या लुगड्याला पुन्हा डाग दिसत होते. लुगडी नीलम्माच धूत होती. विचारलं की मल्लम्मा म्हणायची, उष्णता हाय. नीलम्मा मनातून भ्यायली होती. सासूशी तिचं रोज वाजायचं, पण त्या घरात तिच्या तोडीचं भांडणारं दुसरं होतंच कोण?

दुपार कलली. बायका हसत आत गेल्या, लाजून बाहेर आल्या आणि पुन्हा तिळगूळ मागून खाऊ लागल्या. बाईंनी हात धुतले.

"सगळ्या ठणठणीत दिसतायत. तुमच्या सासूबाई कुठं आहेत?"

नीलम्माचं बोट करंड्यातच राहिलं.

मल्लम्मा विधवा होती. विधवा हळदीकुंकवाला येत नाही. सकाळी सुनेनं सतरंजी अंथरली, तेव्हाच ती न सांगता मागच्या गोठ्यात जाऊन शेंगा फोडत बसली होती. गावातल्या धडधाकट सवाष्णी गोळा करून, जिच्यासाठी केलं तिलाच नीलम्मानं घराबाहेर घालवलं होतं. आपल्याच शहाणपणाची तिला लाज वाटली. ती गोठ्याकडं धावली.

"आत्याबाई, आत चला."

"खुळी का काय तू? आत सवाष्णी बसल्यात."

"कुंकवाचं निमित्त हाय नुसतं. आत डॉक्टरीण हाय. तुमच्यासाठी बोलावलीय."

मल्लम्मानं आणखी एक शेंग फोडली.

"निमित्त असलं तरी कुंकू ते कुंकूच. सणादिवशी मी तिथनं चालत न्हाय जाणार."

तेवढ्यात शेजारची हमिदाबी मागच्या दारानं बाहेर आली. ती मल्लम्माच्याच वयाची. तिला बोलावणं नव्हतं. कुंकू नको, डॉक्टर पाहिजे, असं सांगून ती आपणहून आत गेली होती.

"ऊठ मल्लव्वा. मला कुंकू चालत न्हाय, तुला बी चालत न्हाय. मी जाऊन आले, कुणाचा सण बाटला?"

"तुझी गोष्ट निराळी."

"आत गेल्यावर काय बी निराळं न्हाय. आत्ताच बघून आले."

हमिदाबीनं तिच्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं. मल्लम्मा पदर कपाळावर ओढून, हमिदाबीच्या आडोशानं, सवाष्णींकडं न बघता माजघरात गेली.

बाईंना बराच वेळ लागला.

"जखम आहे," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "लहान दिसतेय. पण आजच माझ्याबरोबर सोलापूरला चला. अजून वेळ गेलेली नाही."

नीलम्माला रडू आवरेना. मल्लम्मानं तिच्याकडं पाहिलं.

"रडू नको. शेंगा तेवढ्या भरून ठेव, गाय खाईल."

संध्याकाळच्या एस.टी.ला पारावर नेहमीची मंडळी होती, सिद्रामप्पाही होते. शेतावरून बसवराज धापा टाकत आला.

"आई, सोलापूरला कशापायी?"

"डोळे दाखवायचेत..." नीलम्मानं जुळवून ठेवलेलं सुरू केलं.

"डोळ्याला काय धाड भरलीय?" मल्लम्मा म्हणाली. "तू ज्या वाटेनं जगात आलास, त्या वाटेला जखम झालीया. कॅन्सर असंल म्हणत्यात. पाळी गेल्यावर अंगावरून लाल जायला लागलं तर झाकून ठेवायचं न्हाय. लवकर दावलं तर बरं होतंय."

पारावर कुणी आभाळ न्याहाळू लागलं, कुणी वहाणेतला खडा काढू लागलं. बसवराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं आईचं गाठोडं उचललं आणि गाडी आल्यावर तिला हाताला धरून वर चढवलं.

कंडक्टर दार लावणार, एवढ्यात सिद्रामप्पा पारावरून उतरून त्याच्याजवळ आले.

"जरा थांबवा गाडी. आमची थोरली बहीण बी येणार हाय."

"कुठं हायत त्या?"

"घरी हाय. तिला अजून विचारायचंय," सरपंच म्हणाले आणि धोतराचा सोगा धरून पळत सुटले.