भागूबाईची कडी

"आई, कडी काढा. मीच आहे."

"मीच म्हणजे कोण?"

"तुमची सून. या घरात मरायला दुसरं कोण येणार?"

भागूबाईने आधी खिडकीच्या फटीतून पाहिलं, सुनेच्या तुटून शिवलेल्या चपला ओळखल्या आणि मगच कडी काढली. सून आत आली ती कमरेवर हात ठेवूनच.

"दिवसा कुणी कडी लावायची नाही असं ठरलंय ना? बैठकीत तुम्हीसुद्धा हात वर केला होता."

"सगळ्यांनी केला म्हणून केला. एकटीचाच हात खाली कसा दिसला असता?"

सुनेला हसू आलं. चिडून बोलायला जावं आणि हसू फुटावं, ही या सासूशी भांडण्यातली मोठीच अडचण होती.

भागूबाई हे तिचं खरं नाव नव्हे. झुरळाला, ढगांच्या गडगडाटाला, पोस्टमनच्या हाकेलासुद्धा ती दचकायची. लग्नानंतर नवऱ्यानेच थट्टेने 'भित्री भागूबाई' म्हटलं आणि ते चिकटलं. नवरा गेला, नाव राहिलं. मुलगा कामाच्या शोधात बाहेर पडला, त्याचीही खबर नव्हती. घरात आता सासू, सून आणि शिलाई मशीन. गणवेश शिवायचे तर शाळाच बंद होती, म्हणून भागूबाई उशांचे अभ्रे शिवायची.

आधी लोकांचे पगार थांबले, मग दवाखाना बंद झाला, मग पोलीस चौकीलाच कुलूप लागलं. सरकार म्हणजे आता नक्की कोण, हे कुणी सांगू शकत नव्हतं. माणसं उचलून न्यायला बिननंबरची गाडी मात्र न चुकता येई. चार माणसं एकत्र येऊन चूल पेटवताना दिसली तरी गाडीवाल्यांना त्यात बंड दिसे.

आणि गल्लीने तर एकच चूल पेटवली होती. पाणी वाटून घेतलं जात होतं. बंद दवाखान्यातली नर्स, जिला सगळे सिस्टर म्हणत, ती कुठून कुठून औषधं मिळवून घरोघर पोचवत होती. पाठलाग झाला तर काय करायचं, तेही तिनेच सुचवलं. सगळ्या घरांची मागची दारं एका अरुंद बोळात उघडत. दिसेल त्या दारात शिरायचं, मागून बोळात पळायचं आणि भलत्याच घरात गडप व्हायचं. रस्त्याकडून येणाऱ्याला पहिलं दार भागूबाईचंच होतं.

"घाबरलं की हात आपोआप कडीकडे जातो," सिस्टर म्हणाली होती, "म्हणून कड्याच नकोत."

सुतारकाका पेचकस घेऊन घरोघर फिरले. भागूबाई मात्र दाराला पाठ लावून उभी राहिली. "माझी तेवढी राहू द्या हो. लावणार नाही. नुसती दिसली तरी धीर येतो." काकांना दया आली. एवढ्या गल्लीत तिची एक कडी राहिली.

सुनेने कान उपटले त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी भागूबाई दार नुसतं लोटून मशीनवर बसली होती. सून पाण्याला गेली होती. एकाएकी रस्त्यावरची शटर धडाधड खाली येऊ लागली. पाठोपाठ पळणारी पावलं ऐकू आली, आणि ती उठली, दाराशी गेली, तिने कडी लावली. नकळत लावली असं म्हणायची सोय नाही. तिला चांगलं कळत होतं.

दारावर थाप पडली. जोराची नव्हती, शेजारीण वाटीभर साखर मागायला येते तशी होती.

"भागूमावशी, मी आहे, सिस्टर. उघडा."

भागूबाई मागे तापाने फणफणली होती तेव्हा हाच आवाज तिच्या उशाशी बसून होता. तिचा हात कडीवरच होता, नुसती सरकवायची होती. पण उघडलं तर हिच्या मागोमाग ते आत येतील, मलाही नेतील, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. बोटं हलेनात.

"मावशी?"

गाडी कोपऱ्यावर वळल्याचा आवाज आला.

"बरं, राहू दे," बाहेरून सिस्टर हळूच म्हणाली. "घाबरू नका. पिशवी तेवढी घ्या."

खिडकीच्या गजांतून औषधांची पिशवी आत आली आणि मशीनवर पडली. भागूबाईनेच शिवून दिलेली होती ती. मग पावलं दारापासून लांब गेली. पळत नव्हे, चालत, थेट रस्त्याच्या मधोमध. ब्रेक लागले, कुणीतरी ओरडलं, गाडीचं दार आपटलं. पुन्हा सगळं शांत झालं.

सिस्टर दार वाजवत राहिली असती तर त्यांनी ते फोडलं असतं, मागचं दार पाहिलं असतं, सगळा बोळ पाहिला असता. हे भागूबाईला कळलं तोवर तिने कडी काढली होती.

थोड्या वेळाने सून मागच्या दाराने बादली घेऊन आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सिस्टरना नेलं, आई. आपल्या दारासमोरून. समोरच्या इस्त्रीवाल्याने पाहिलं. पण त्या आत का शिरल्या नाहीत? दार तर उघडंच आहे."

खोटं बोलायची इतकी आयती सोय भागूबाईला आयुष्यात मिळाली नव्हती.

"आत्ता उघडं आहे," ती म्हणाली. "तेव्हा नव्हतं. मी कडी लावली होती."

सुनेने बादली खाली ठेवली. "तुम्हाला ऐकू आलं नसेल."

"आलं. मला हाक मारली तिने. मी उघडलं नाही."

सुनेने औषधांची पिशवी उचलली आणि मागच्या दाराने निघून गेली. संध्याकाळी तिने ताट वाढून पुढे ठेवलं, पण 'आई, जेवा' असं म्हणाली नाही.

सकाळी भागूबाई रस्त्याने एकटी सुतारकाकांकडे गेली.

"कडी काढून टाका."

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मग रात्री काय कराल, भागूबाई?"

"घाबरेन. मला दुसरं काय येतं?"

काकांनी येऊन कडी काढली आणि डब्यात, बाकीच्या कड्यांबरोबर टाकली. दारावर स्क्रूची भोकं तेवढी राहिली.

सिस्टरची खबर आली नाही. पिशवी आता सून घेऊन फिरू लागली. उशीर झाला की भागूबाई मशीनवर बसून दाराखालच्या फटीकडे बघत राही. 'आई' ही हाक सुनेच्या तोंडून त्या दिवसानंतर आली नव्हती. मागायचा हक्क आपल्याला नाही, हे भागूबाईला कळत होतं.

आणि एका दुपारी पुन्हा शटर खाली येऊ लागली.

पावलं पळत आली. भागूबाई उठली. हात सवयीने दाराकडे गेला आणि बोटं त्या भोकांवर पडली. तिला रडू यायला लागलं, इतकी ती भ्यायली. आत कुणी येऊ नये म्हणून त्या दाराला लावण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं.

"या," ती म्हणाली. आवाज फाटलेला होता, पण निघाला. "उघडंच आहे. आत या."

दार ढकलून एक बाई आत घुसली. केस सुटलेले, पायात काही नाही. सून नव्हती. सिस्टरही नव्हती. क्षणभर भागूबाईला तशी वेडी आशा वाटली होती खरी. कोण कुठली, तिने आधी कधी पाहिलेली नव्हती.

"सरळ मागे. बोळात उजवीकडे."

बाई जमिनीवर पसरलेल्या अभ्र्यांवरून पळाली आणि मागच्या दाराने दिसेनाशी झाली. धुळीची पावलं दिसू नयेत म्हणून भागूबाईने ते अभ्रे उचलले. ते मांडीवर घेऊन ती मशीनवर बसली. सुईतून दोरा कधी निसटला होता कोण जाणे. ओवायला वेळ नव्हता. तिने तसंच मशीन चालू केलं आणि बाहेर गाडी थांबली तरी ती बिनदोऱ्याची शिवत राहिली.