तुरुंगातली खिडकी

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा पत्रा आहे. रोममधल्या एका तळघरात ओरात्सिओ नावाच्या चित्रकाराने मला घासून लखलखीत केले, माझ्यावर मेणाचा थर दिला आणि सुईने त्यात चित्र काढले. मग मला तेजाबात बुडवले. मेण निघालेल्या जागी तेजाबाने मला खाल्ले आणि खाचा पडल्या. त्यांत शाई भरून वर ओला कागद दाबला की चित्र उमटे.

माझ्यावर होता एक अवाढव्य तुरुंग, जगात कुठेच नसलेला. कमानींवर कमानी आणि कुठेच न पोहोचणारे जिने. असे तुरुंग आणि महाल चित्रांत बांधण्यात ओरात्सिओचा जन्म गेला. राहायला मात्र ते तळघर. त्याची बायको फुल्विया तिथेच एका स्टुलावर बसून छपाई करी. तेजाबाच्या वाफेने तिला खोकला जडला होता.

"अहो, एवढे राजवाडे बांधता, मला एक खिडकी द्या की!"

"आपल्या घराला देईन गं."

"झालं तुमचं घर! या तुरुंगालाच द्या. आणि तिच्यात सब्जाची कुंडी ठेवा."

तो हसला, पण जिन्याच्या टोकाला बोटभर खिडकी काढली, कुंडीसकट. खाचांबाहेरची जादा शाई पुसताना फुल्वियाचा तळहात तिथे अलगद फिरे. मला ते फार आवडे.

एकदा एक परदेशी गिऱ्हाईक आले. "तुरुंगात कुंडी? मग भीती कसली वाटणार? ती काढा, मग छापाल ते सगळे कागद मी घेतो."

ओरात्सिओने खिडकी खरवडून टाकली. खरवडून अशी पातळ झालेली जागा मागून ठोकून वर आणायची असते. घाईत तेही राहिले. तिथे त्याने साखळदंड कोरले.

"बरं केलंत," फुल्विया म्हणाली. "खिडकी काही खाता येत नाही."

आणि ती मला पुसू लागली.

माझी खूप वाहवा झाली. त्याच हिवाळ्यात फुल्विया खोकल्याने गेली.

पुढे एका सकाळी ओरात्सिओने साखळदंड खरवडले, तीच खिडकी पुन्हा काढली आणि मला तेजाबात ठेवले. मग तो तिच्या स्टुलाकडे पाहत रडत बसला. मला वेळेवर बाहेर काढायचे त्याला भान राहिले नाही. जागा आधीच पातळ. तिथे मी आरपार खाल्ला गेलो.

त्याने मला दारातल्या उन्हात धरले. भोकातून बोटभर कवडसा रिकाम्या स्टुलावर पडला.

"घे," तो म्हणाला.

आज मी त्याच दाराच्या तुटक्या फळीच्या जागी ठोकलेला आहे, हिरवा पडलेला. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. पण आपल्या माणसाने काही लहानसे मागितले, तर ते त्याच्या डोळ्यांदेखत द्या. माझ्यातून कवडसा रोज आत येतो, पण स्टुलावर कोणी नसते.