मिस्टर जेम्सना विचारायचा प्रश्न

आर्लेट कडोर नापास झाली ती एका न विचारलेल्या प्रश्नामुळे.

प्रश्न तिला येत नव्हता, असं नाही. ग्रेनाडा बेटावरच्या त्यांच्या मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पेशंट तपासण्याची परीक्षा असे. एका लहान खोलीत बेटावरचंच कुणीतरी वयस्क माणूस पेशंट बनून बसलेलं असे. आजाराची गोष्ट त्याला आधी पाठ करायला दिलेली असे, आणि विद्यार्थ्याने प्रश्न विचारून ती त्याच्याकडून काढून घ्यायची. छताच्या कोपऱ्यातला कॅमेरा हे सगळं बघत राही. डिसेंबरात आर्लेटच्या वाट्याला ओटीपोटात दुखणारी एक बाई आली. दार उघडून बघते तो समोर मिस फिलोमीन. आर्लेटच्या गावच्या, म्हणजे ग्वाव्हच्या, शाळेच्या फाटकाबाहेर टोपली घेऊन बसणाऱ्या, मधल्या सुट्टीत तिला तळलेल्या भाकरीत खारा मासा भरून देणाऱ्या. बेटावर लग्न झालेल्या मोठ्या बाईलाही मिसच म्हणत.

आर्लेटने दुखतं कुठं, कधीपासून, ताप आहे का, उलट्या होतात का, सगळं नीट विचारलं. नवऱ्याशिवाय आणखी कुणाशी संबंध आहेत का, एवढं मात्र राहिलं. राहिलं म्हणजे, खरं सांगायचं तर, तिने ते राहू दिलं.

"तुला हा प्रश्न माहीत होता?" डॉ. सॅमरूंनी नंतर विचारलं. त्या त्रिनिदादच्या. परीक्षेचं सगळं त्यांच्याकडे होतं.

"हो, मॅडम."

"मग?"

"त्या मिस फिलोमीन आहेत, मॅडम."

"त्या खोलीत त्या मिस फिलोमीन नव्हत्या."

"मॅडम, त्या कुठेही गेल्या तरी मिस फिलोमीनच असतात."

डॉ. सॅमरू हसल्या. मार्क मात्र त्यांनी बदलले नाहीत.

जानेवारीत फेरपरीक्षा होती. तीत नापास झालं तर वर्ष पुन्हा करायचं, आणि वर्ष पुन्हा करणाऱ्याला ग्रेनाडा सरकारची शिष्यवृत्ती मिळत नसे. ती नसली की आर्लेटने पुस्तकं बांधून घरी जायचं. यात तिसरी वाट नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिची खोलीतली जोडीदारीण मेगन ओहायोची. कॉलेजात निम्म्याहून जास्त मुलं अमेरिकेतलीच होती. मेगनने सुट्टीतून परत आल्या दिवशी शर्टात उशी कोंबली आणि पलंगावर मांड्या पसरून बसली.

"विचार. मी सत्तर वर्षांचा कोळी आहे. दारू पितो, शिव्या देतो."

"आमच्याकडचा कोळी असा बसत नाही."

"तू बसण्याचं सोड गं. प्रश्न विचार."

"मिस्टर मेगन, तुमचे किती बायकांशी संबंध आहेत?"

"थांबा, मोजू द्या," मेगन बोटं दुमडत म्हणाली, आणि उशी फेकून ओरडली, "विचारलंस की! झडली का जीभ?"

"तुला विचारायला काय जातंय?"

"मग त्यांना विचारायला काय जातं?"

आर्लेटने फेकलेली उशी उचलली. "तू दोन वर्षांनी विमानात बसशील आणि जाशील," ती म्हणाली. "मी बसमध्ये चढेन तेव्हा मिस फिलोमीन पुढच्या सीटवर असणार. रविवारी चर्चमध्ये त्या असणार. त्या गेल्या की त्यांच्या मयताला मी असणार. माझ्या आईच्या लग्नातला केक त्यांनी केलाय, मेगन. त्यांना मी विचारू की बाई, तुम्ही आणखी कुणाबरोबर झोपता?"

"एवढा केक मध्ये येत असेल तर अनोळखी पेशंट मागून घे."

सल्ला बरा वाटला. आर्लेट दुसऱ्या दिवशी डॉ. सॅमरूंकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"मिळेलही एखादा. पण शिकून झाल्यावर तू नोकरी कुठं करणार आहेस?"

"इथेच, मॅडम. शिष्यवृत्तीची अटच आहे तशी. बहुतेक ग्वाव्हच्या सरकारी दवाखान्यात."

"ग्वाव्हच्या दवाखान्यात तुला अनोळखी पेशंट कोण आणून देणार आहे?"

आर्लेट 'थँक यू, मॅडम' म्हणून बाहेर आली. मेगनला यातलं काही सांगावंसं वाटलं नाही.

शुक्रवारी ती घरी गेली. शुक्रवारी संध्याकाळी ग्वाव्हच्या मधल्या गल्लीत मासे भाजून विकतात. आर्लेटची आई अ‍ॅन्सेल्मा तिथे आपली कोळशाची शेगडी मांडून उभी असे. आर्लेट पानात मासे बांधून देऊ लागली. गर्दी जरा ओसरली तसा तिने धीर केला.

"आई, तुला एक विचारू? डॉक्टर म्हणून."

"विचार की."

"तुला लघवीचा काही त्रास होतो का?"

आईने चिमटा हवेत तसाच धरला. "अगं कार्टे! गिऱ्हाईक उभं आहे!"

गिऱ्हाईक, म्हणजे शेजारच्या गल्लीतला लिंकन, म्हणाला, "माझं काही नाही, मिस अ‍ॅन्सेल्मा. तुम्ही सांगा आरामात. मी मासा होईपर्यंत आहे."

"तुझा मासाच करते आता, थांब!"

सगळे हसले. आर्लेटही हसली. पण नंतर शेगडी विझवताना आई आपण होऊन म्हणाली, "असलं मला विचारत जाऊ नकोस. आणि त्या दवाखान्यातही मी कधी सांगायची नाही. तिथे मी तोंड उघडलं की दार लागायच्या आत गोष्ट जायफळाच्या गोदामात पोचते. तिथल्या बाया दिवसभर जायफळं निवडतात आणि आमची दुखणी."

आर्लेट राख भरत होती. आई विचारल्याबद्दल रागावलेली नाही, हे तिला हळूहळू कळत गेलं. लोकांना प्रश्नाची लाज असेलही. पण भीती होती ती उत्तराची, ते कुठे जाऊन पोचेल याची. हा विचार तिने पुढच्या आठवड्यात बराच उलटसुलट केला. परीक्षेत त्याचा कितपत उपयोग होईल याची मात्र तिला खात्री नव्हती.

फेरपरीक्षेच्या दिवशी दारावरच्या कागदावर लिहिलं होतं: मिस्टर जेम्स, वाळूच्या ट्रकचा ड्रायव्हर, लघवीला जळजळ. आर्लेटने दार वाजवलं आणि आत गेली.

खुर्चीवर टीचर एल्ड्रिक बसले होते.

ग्वाव्हच्या शाळेचे माजी हेडमास्तर, चर्चमधल्या गाणाऱ्यांचे प्रमुख. आर्लेटला भागाकार त्यांनी शिकवला होता. हात पुढे करायला लावून पट्टीही त्यांनीच मारली होती. रविवारी त्यांचा कोट कडक इस्त्रीचा असे. आज अंगात जुना बनियन होता आणि पायात रबरी चपला. ते टेकून, पाय पसरून बसले होते. हे बहुधा त्यांनी घरी करून पाहिलं असावं.

"गुड आफ्टरनून," आर्लेट म्हणाली.

"गुड आफ्टरनून, डॉक्टर," टीचर एल्ड्रिक म्हणाले.

टीचर एल्ड्रिकनी आपल्याला डॉक्टर म्हटलं, यानेच तिला घाम फुटला. पण तिने सुरुवात केली. जळजळ कधीपासून, रंग कसा, ताप, पाठीत दुखतं का. ते ट्रक ड्रायव्हरच्या बेफिकिरीने उत्तरं देत होते. मध्येच एकदा सवयीने पूर्ण, शुद्ध वाक्य बोलून गेले आणि लगेच खांदे पाडून बसले.

मग तो प्रश्न आला. आर्लेटने तोंड उघडलं आणि मिटलं.

ते वाट बघत राहिले. वर्गातही असेच थांबत. उत्तर सुचवायचं नाही, डोळे वटारायचे नाहीत, नुसतं बघत राहायचं. कॅमेऱ्याच्या पलीकडे डॉ. सॅमरू बसल्या असणार. घड्याळ चाललं होतं.

"मिस्टर जेम्स," ती शेवटी म्हणाली, "आता जे विचारायचंय ते तुमच्या वयाच्या माणसाला विचारू नये, असंच मला घरी शिकवलंय. तरी विचारते, कारण त्याशिवाय मला औषध देता येणार नाही. बायकोशिवाय आणखी कुणाशी तुमचे संबंध आहेत का?"

टीचर एल्ड्रिक एकदम ताठ झाले. चेहरा काळवंडला.

"काय म्हणालीस? कुणाची पोर गं तू?"

हा आवाज आर्लेटला चांगला माहीत होता. या आवाजानंतर पट्टी यायची. माफी मागावी असं तिच्या मनात आलंच. ओठांपर्यंत शब्द आलेही. मग तिला वाटलं, पण कुणाची पोर ते टीचर एल्ड्रिकना ठाऊक आहे. शुक्रवारी ते आईकडून मासा नेतात. ज्याला ठाऊक नाही, तो हा समोरचा ट्रक ड्रायव्हर. की नाटकाच्या आडून टीचरच खरे रागावलेत? काही सांगता येत नव्हतं. तिने समोर ट्रक ड्रायव्हरच आहे असं धरायचं ठरवलं.

"मी इथली डॉक्टर आहे, मिस्टर जेम्स," ती म्हणाली. "कुणाची पोर ते सांगितलं तर तुम्ही माझ्या आईला ओळखाल, आणि मग मला काहीच सांगणार नाही. तुम्ही जे सांगाल ते माझ्या आईला कळणार नाही. तुमच्या बायकोला माझ्या तोंडून कळणार नाही. या दाराबाहेर ते जाणार नाही."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग पुन्हा सैल झाले. रबरी चपलेचा अंगठा हलू लागला.

"एक ग्रेनव्हिलला आहे," ते खाली बघत म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "आणि एक इंग्लंडहून येते. कार्निव्हलला. दर वर्षी नाही."

"तुम्ही काही काळजी घेता का?"

"ग्रेनव्हिलला घेतो," मिस्टर जेम्स म्हणाले.

पुढचं सोपं होतं.

निकाल आठवड्याने लागला. डॉ. सॅमरूंनी तिला बोलावून घेतलं.

"पास आहेस. त्या प्रश्नाआधी फार वेळ घेतलास, त्याचे मार्क गेले. पेशंटनेही मार्क द्यायचे असतात, ते तुला बरे मिळालेत. पण त्यांनी एक तक्रार लिहिली आहे."

आर्लेटने त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"जाताना तू हात धुतले नाहीस म्हणे." डॉ. सॅमरूंनी कागद उलटा केला. "आणि एक. ती इंग्लंडवाली आमच्या गोष्टीत नव्हती. ती त्यांनी पदरची घातली."

जिना उतरताना आर्लेटच्या डोक्यात ती इंग्लंडवाली पुष्कळ वेळ फिरत राहिली. कोण असेल? असेल तरी का? की हेडमास्तरांना गोष्ट अपुरी वाटली म्हणून त्यांनी भर घातली? तळमजल्यावर येईपर्यंत तिच्या लक्षात आलं की हे शोधायचंच नाही. पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाचं गुपित तिच्यापाशी होतं, आणि ते जरा जड लागत होतं.

शनिवारी ती घरी गेली. आई सुरणाची सालं काढत होती. पास झाल्याचं ऐकून तिने सुरी ठेवली, आर्लेटला पोटाशी धरलं, थोडं रडली, आणि मग सुरी पुन्हा हातात घेऊन म्हणाली, "आता सांग. कोण होतं?"

"एक ट्रक ड्रायव्हर."

"ते नाटकातलं झालं. खरं कोण होतं? बाजारात ऐकलं की टीचर एल्ड्रिक गेले होते कॉलेजात. जुना बनियन घालून बसमध्ये चढताना मिस फिलोमीननी बघितलं."

"ते मला सांगता येत नाही, आई."

"मला? मी काय गावभर करणार आहे?"

"हो."

"अगं, तुझी आई मी. तुला जन्म दिला. त्यांना तू तो प्रश्न विचारलास का नाही, एवढंच सांग. काय म्हणाले?"

"नाही सांगता येत."

आईने तोंड फिरवलं. बराच वेळ सुरीचा आवाज तेवढा येत होता. आर्लेटला वाटलं, आता दोन दिवस अबोला. ती पाणी प्यायली, कपडे वाळत घालून परत आली. आई अजून सुरणापाशीच होती, पण सालं संपली होती.

"काहीच नाही सांगणार?"

"काहीच नाही."

अ‍ॅन्सेल्मा उठली. तिने रेडिओ मोठा केला, खिडकीतून लिंकनच्या घराकडे एकदा पाहिलं आणि खिडकी ओढून घेतली. मग ती खुर्चीवर बसली. एवढं अवघडून बसलेलं आईला आर्लेटने कधी बघितलं नव्हतं.

"त्या दिवशी शेगडीपाशी तू जे विचारलंस ना," ती म्हणाली, "ते पुन्हा विचार."