खडूशिवाय कटिंग

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी तुमची गत!" बायकोने गुलाबाची फांदी टेलर मास्तरांच्या नाकासमोर आणली. पानांच्या कडेने शर्टाच्या बटणाएवढे तुकडे काढलेले होते, अगदी धारदार कात्रीने काढावेत तसे. "इतकं सफाईने कापणारा हात या घरात दुसरा कुणाचा आहे?"

मास्तरांनी फांदी हातात घेऊन निरखली. चाळीस वर्षांच्या हातावर असा आळ, यावर रागवावं की मिशीतल्या मिशीत हसावं? पण बायकोचे डोळे भरले होते. तिचा गुलाब तीन वर्षं फुलांच्या स्पर्धेत दुसरा आला होता. यंदाचं फूल पहिलंच येणार असं सगळे म्हणत होते, आणि रविवार चार दिवसांवर आला असताना पानांची ही दशा. "तुम्ही नसाल तर अळी असेल," म्हणत तिने दुपारी फवारणीवाल्याला बोलावलं.

मास्तरांनी मशीन बंद केलं आणि कुंडीशेजारी स्टूल टाकून ठाण मांडलं. नाव स्वच्छ करायचंच होतं.

तासाभराने चोर आला. एक काळसर मधमाशी, पोटाखाली पिवळी लव. पानाच्या कडेवर बसली, गर्रकन फिरली, आणि तुकडा सुटताच तो पायांत धरून उडालीसुद्धा! समोरच्या खिडकीच्या चौकटीत जुन्या स्क्रूचं भोक होतं, त्यात ती शिरली. मास्तर आ वासून बघत राहिले.

आधी तिने लांबट तुकडे नेले. मग कितीतरी फेऱ्या पोटाला पराग माखून आली. शेवटी मात्र नेमके गोल तुकडे नेले, एकावर एक. मास्तरांना तिचं सगळं शिवणकाम कळलं. आत अस्तर, पिल्लाची शिदोरी, वरून झाकण. हाताशी टेप नाही, फर्मा नाही, तरी एकही तुकडा वाया गेला नव्हता. अशा कारागिराला गुरू करावं, असं त्यांना मनापासून वाटलं.

पाठीवर पंप लावून फवारणीवाला आला तेव्हा ते कुंडीसमोर आडवे उभे राहिले. "थांब बाबा. अगं, ती पान खात नाही. पिल्लांसाठी घर शिवतेय. फवारलं तर मरेल."

"आणि माझा पहिला नंबर?" बायको म्हणाली.

तेवढ्यात माशी परत आली आणि बायकोच्या डोळ्यांदेखत तिने एक गोल कापून नेला. बायको खाली वाकली. पानाची कापलेली कड तिने नखाने चाचपली, मग आणखी एका पानाची.

"तुम्ही जा दादा," ती फवारणीवाल्याला म्हणाली. "रविवारी झाड स्पर्धेला नेणार नाही मी. हिचं काम अर्ध्यावर आहे." मग मास्तरांकडे न बघताच म्हणाली, "काय हात आहे हो हिचा!"

"चाळीस वर्षांत मला कधी म्हणाली नाहीस असं."

"तुम्ही कापलंय कधी खडूची खूण केल्याशिवाय?" ती म्हणाली, आणि त्यांच्या स्टुलावर स्वतःच बसली.